नावेच्या कप्प्यातली प्रज्ञा

बेलव्ह्यूमध्ये सकाळ नेमकी केव्हा होते, हे मला इतक्या वर्षांनंतरही सांगता येत नाही. सूर्य दिसत नाही. धुके आधी सीडरच्या शेंड्यांवरून उतरते, मग आमच्या लाकडी कुंपणापाशी येऊन थांबते, आणि केव्हातरी लक्षात येते की मघाशी जे करडे होते ते आता पांढरे झाले आहे. अशा सकाळी माणसे आवाजाशिवाय हिंडताना दिसतात. मी लाओशींना पहिल्यांदा पाहिले ते असेच, कुंपणापलीकडे, कमरेपर्यंत धुक्यात उभे असताना.

कराडच्या एका शाळेत मी एकतीस वर्षे संस्कृत शिकवले. निवृत्त झाल्यावर इथे परदेशात लेकीकडे राहायला आले आणि पहिल्याच आठवड्यात स्वतःसाठी वेळापत्रक आखून फ्रिजवर लावले: साडेसहा ते सात फिरणे, सात ते साडेसात झाडांना पाणी, आणि असेच पुढे. जावई नागपूरचे आहेत, थट्टेखोर आहेत. ते म्हणाले, "आई, मधल्या सुट्टीची घंटा कोण वाजवणार?" वेळापत्रक मात्र त्यांनी काढले नाही. उलट त्यावर एक चुंबक वाढवून दिला.

झाडांना पाणी घालण्याच्या त्या अर्ध्या तासात ही ओळख झाली. लेकीकडे कुंडीत ब्रह्मकमळ आहे. त्याचे फूल अंधार पडल्यावर उमलते आणि सकाळी पाहावे तर मान टाकून लोंबत असते. ऑगस्टमधल्या एका सकाळी मी ते लोंबते फूल हातात धरून उभी होते. पलीकडून एक वृद्ध गृहस्थ ते पाहत होते. त्यांनी फुलाकडे बोट करून दोन अक्षरी शब्द उच्चारला, "थान-ह्वा." मी मान हलवली, म्हणजे मला कळले नाही. तेही हसले, म्हणजे त्यांना ते अपेक्षित होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुंपणावरून एक कार्ड पुढे केले. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचे. वरती सुबक मोठी चिनी अक्षरे, खाली रोमन लिपीत उच्चार, त्याखाली बारीक अक्षरात अर्थ. शेवटची ओळ पट्टीने आखून रिकामी सोडलेली होती. त्या रिकाम्या ओळीवर बोट ठेवून ते म्हणाले, "इंडिया."

फोनवरच्या भाषांतराच्या मदतीने उलगडा झाला तो असा: 'थान' हा एका लांब शब्दाचा उरलेला तुकडा आहे, आणि तो लांब शब्द म्हणजे आपला उदुंबर. बौद्ध ग्रंथांतून उंबराचे न दिसणारे फूल चीनमध्ये गेले आणि तेथे क्वचित दिसणाऱ्या या फुलाला ते नाव मिळाले. मी त्या रिकाम्या ओळीत देवनागरीत 'उदुंबर' असे लिहिले आणि माझ्या शाळकरी इंग्रजीत त्यांना सांगितले की, जो माणूस फार दिवसांत भेटत नाही त्याला आम्हीही उंबराचे फूल म्हणतो. त्यांचेही इंग्रजी शाळकरीच होते. दोन शाळकरी इंग्रजींचे एकमेकांशी फार चांगले जुळते. दोघेही सावकाश बोलतात आणि कोणीही कोणाला घाई करत नाही.

त्यांची सून येथे एका मोठ्या कंपनीत काम करते. तिने सांगितले, "आंटी, ते आयुष्यभर शाळेत चिनी भाषा शिकवायचे. आम्ही शिक्षकांना लाओशी म्हणतो. तुम्हीही तसंच म्हणा." मग मी त्यांना लाओशी म्हणू लागले आणि ते मला टीचर म्हणू लागले.

टपालपेट्यांजवळ एक बाकडे आहे. रोज सकाळी आठ वाजता आम्ही तेथे बसू लागलो. मी वेळापत्रकात तशी दुरुस्ती केली. लाओशी रोज पाच कार्डे आणीत. मी मूळ संस्कृत शब्द मोठ्याने म्हणायचा, त्यांनी डोळे मिटून ऐकायचा, मग म्हणायचे, "वन्स मोर." मी तो पुन्हा म्हणायचा. त्यानंतर मी ती ओळ भरायची. बोधिसत्त्वाचे तिकडे फू-सा झाले आहे, क्षणाचे छा-ना झाले आहे. घरात एखाद्या मुलाचे लांबलचक नाव दोन अक्षरांवर येते आणि पुढे त्याच नावाने त्याला सगळा गाव ओळखतो, तसे या शब्दांचे झाले असावे.

हे सारे ते का करत होते, हे त्यांनी मला सप्टेंबरात सांगितले. त्यांची पत्नी रोज पहाटे उदबत्ती लावून पाठ म्हणत असे. तो पाठ चिनी अक्षरांत लिहिलेला, पण चिनी नव्हे. अक्षरे केवळ आवाजासाठी वापरलेली. शेजारच्या खोलीत शाळेची तयारी करताना लाओशी तो चाळीस वर्षे ऐकत आले. एकदा त्यांनी पत्नीला विचारले, "तू म्हणतेस त्यातला एक तरी शब्द तुला कळतो का?" ती म्हणाली, "कळायला मी काय तुमच्या वर्गात बसले आहे?"

हे सांगताना ते इतके हसले की त्यांना खोकला आला. पत्नी गेल्यानंतर त्यांनी आठवेल तो एकेक आवाज कार्डावर उतरवायला सुरुवात केली होती. त्याबरोबर बौद्ध धर्माबरोबर आलेले इतर शब्दही आपोआप गोळा होत गेले. अर्थ कोशात सापडले. "पण ती काय म्हणत होती," ते म्हणाले, "ते मूळ घरी कसं ऐकू येत असेल, ते कोशात नाही."

येथे वाचकांना दोन गोष्टी समजावून सांगायला हव्यात, कारण माझी चूक त्यांवाचून समजणार नाही.

पहिली गोष्ट उच्चाराची. चिनी लिपीत आपल्यासारखी वर्णमाला नाही. मग जुन्या कोशांत उच्चार सांगायचा कसा? त्यांनी युक्ती काढली. माहितीची दोन अक्षरे घ्यायची. पहिल्याचा आरंभ आणि दुसऱ्याचा शेष जोडायचा. कमळातला क् घ्या, राममधला आम घ्या, झाले काम. लाओशींनी हे बाकड्यावर बसून बोटांनी करून दाखवले तेव्हा मला पाचवीचा वर्ग दिसू लागला. भारतातून गेलेल्या वर्णविचाराचा या पद्धतीला हातभार लागला असे काही अभ्यासक मानतात, काही मानत नाहीत. दोन्ही मते नोंदवून मी पुढे जाते.

दुसरी गोष्ट क्रमाची. वर्णमाला नाही म्हणजे अकारविल्हेही नाही. सर्वांत जुन्या कोशांपैकी एकात शब्द विषयवार लावले होते: नाती, घर, आकाश, डोंगर, पाणी, गवत, मासे, पक्षी. मी लहानपणी पाठ केलेला संस्कृत कोशही असाच होता, त्यामुळे हे मला परके वाटले नाही. पुढे, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी, एका विद्वानाने निराळी वाट काढली. प्रत्येक अक्षरात कोठेतरी एक खूण असते: पाण्याची, गवताची, माणसाची, दाराची. त्या खुणेनुसार त्याने अक्षरांचे पाचशेहून अधिक गट केले. पुढच्या कोशकारांनी ते गट कमी करून दोनशेच्या आसपास आणले, पण तत्त्व तेच राहिले. शब्द शोधायचा असेल तर आधी खूण ओळखायची, मग उरलेल्या रेघा मोजायच्या. ज्या खुणेला रेघा कमी ती आधी, जिला जास्त ती नंतर.

लाओशींनी आपली कार्डे याच क्रमाने चार पत्र्यांच्या डब्यांत लावली होती. शरदातल्या पौर्णिमेच्या सणाला त्यांच्याकडे गोल मिठाई येते, तिचे ते लाल-सोनेरी डबे. झाकणावर चंद्र आणि ससा. आत नाश्त्याच्या खोक्यांच्या पुठ्ठ्याच्या उभ्या पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीच्या माथ्यावर एकेक खूण लिहिलेली.

ऑक्टोबरच्या आरंभी लाओशी घरच्यांबरोबर दहा दिवसांसाठी कॅलिफोर्नियाला नातेवाइकांकडे निघाले. जाण्याच्या आदल्या दिवशी चारही डबे घेऊन ते स्वतः दाराशी आले. "टीचर, सगळ्या ओळी भरून ठेवाल? रोज पाचने फार वेळ लागेल." थोडे थांबून म्हणाले, "माझ्याकडे तितका वेळ नसेल." मला वाटले, वय झाले म्हणून म्हणत असतील. मी डबे घेतले.

चारशेवर कार्डे होती. पहिले दोन दिवस मी ती आहेत त्या क्रमाने भरली. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आले की, एकच संस्कृत शब्द दोन-तीन निराळ्या रूपांत निरनिराळ्या कप्प्यांत बसला आहे. ताडून पाहण्यासाठी मी कार्डे जेवणाच्या टेबलावर पसरली आणि वर्णक्रमाने लावू लागले. आधी स्वर, मग कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. संध्याकाळी ते टेबल पाहताना मला जे वाटले ते प्रामाणिकपणे लिहिते: मला वाटले, हे शब्द फार दूर गेले होते, परक्या नावांनी परक्या रांगांत उभे होते, आणि आज मी त्यांना त्यांच्या घरच्या रांगेत उभे केले. क्षणाशेजारी क्षत्रिय, बुद्धाशेजारी बोधी. टेबल कसे प्रार्थनेच्या मैदानासारखे दिसत होते.

मी नव्या पट्ट्या कापल्या. निळ्या शाईने त्यांवर अ, आ, उ, क असे लिहिले. जुन्या पट्ट्या कडांना झिजल्या होत्या. चौथ्या डब्यातली सर्वांत मागची पट्टी तर कोरीच होती, तिच्यामागे एकुलते एक कार्ड. कार्ड मी इतरांत लावले, आणि उरलेली जास्तीची पट्टी असेल असे समजून तीही बाकीच्यांबरोबर रद्दीच्या निळ्या डब्यात टाकली. मंगळवारी गाडी आली आणि घेऊन गेली.

लेक ऑफिसच्या कॉलमधून उठून पाण्याला आली होती. तिने टेबलाकडे पाहिले.

"आई, ऑर्डर चेंज केलीस? त्यांना विचारलंस का?"

"विचारायचं काय त्यात? परत आले की बघतील. सरप्राइज."

"तू आणि सरप्राइज! पोळ्या कधी करायच्या तेसुद्धा फ्रिजवर लिहितेस."

ती हसत परत कॉलवर गेली. मी डब्यांची झाकणे लावली.

लाओशी परत आले त्या दिवशी मी डबे घेऊन त्यांच्याकडे गेले. सुनेने गरम पाणी पुढे ठेवले. त्यांच्याकडे पाहुण्याला आधी ते देतात. लाओशींनी तिसरा डबा पुढे ओढला, झाकण काढले आणि न पाहताच उजवा हात आत घातला, जसे आपण अंधारात देवघरातली काडेपेटी उचलतो. हात मध्यावर गेला आणि थांबला. त्यांनी खाली पाहिले. एक कार्ड काढले, ठेवले. दुसरे काढले, ठेवले. मग माझ्या निळ्या पट्ट्यांवरून बोट फिरवले, हळू, एकेकीवरून.

"व्हेरी गुड," ते म्हणाले. "थँक यू, टीचर." आणि झाकण लावले.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता बाकड्यावर मी एकटीच होते. तिसऱ्या दिवशीही. आठवडाभर वेळापत्रकात ती ओळ तशीच राहिली आणि मी ती पाळत राहिले. धुक्यातून कोणी येते आहे असे वाटायचे. जवळ आल्यावर तो कुत्रा फिरवणारा एखादा शेजारी असायचा.

शेवटी सूनच कुंपणाशी आली. ती रागावलेली नव्हती, म्हणून मला अधिक जड गेले. "आंटी, तुम्हाला सांगायला हवं होतं. त्यांची मेमरी कमी होते आहे. गेल्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं. रोज सकाळी ते माँचा, माझ्या सासूबाईंचा, पाठ कार्डांवरून म्हणतात. पाठ त्यांना आता आठवत नाही. पण कुठलं कार्ड कुठे आहे ते हाताला ठाऊक होतं. एकामागून एक काढत जायचे." तिने कुंपणाच्या फळीवर नखाने एक रेघ ओढली. "आता डबा उघडून बसून राहतात. मी विचारलं तर म्हणतात, टीचरने छान लावलंय, मलाच शिकायला हवं."

त्या दिवशी जेवताना मी हे घरी सांगितले. जावयांना राहवेना, ते म्हणाले, "आई, तुम्ही तर त्यांचा पूर्ण डेटाबेस री-इंडेक्स केला! बॅकअप घेतला होता का?"

"यार, तू जोक नको करूस आता," लेक म्हणाली.

"जोक नाही. रूल-बेस्ड ऑर्डर असेल तर परत बिल्ड करता येते. आई, रूल माहीत आहे ना तुम्हाला?"

नियम मला माहीत होता. तो मला खुद्द लाओशींनीच शिकवला होता.

वाचनालयातून मी एक जाडजूड चिनी कोश आणला आणि दुसऱ्या दिवशी दहा वाजता लाओशींच्या दाराशी उभी राहिले. "लाओशी, माझी चूक झाली. मी तुम्हाला न विचारता क्रम बदलायला नको होता. तुमच्याच टेबलावर बसून पुन्हा लावू द्या." ते म्हणाले, "नो मिस्टेक, टीचर, नो मिस्टेक," आणि दार पूर्ण उघडले.

तेव्हापासून रोज दहा ते बारा. सून वरच्या मजल्यावर काम करायची. तिचे मीटिंगमधले बोलणे जिन्यावरून अस्पष्ट उतरायचे. लाओशी खिडकीशी खुर्चीत बसायचे. ते कार्डांना हात लावत नसत. मी एकेक कार्ड घ्यायची, खूण शोधायची, उरलेल्या रेघा बोटाने मोजायची, कोशात ताडून पाहायची, आणि त्या खुणेच्या नव्या पट्टीमागे ठेवायची. पहिल्या दिवशी दोन तासांत सात कार्डे झाली. मोजणीत माझ्या चुका व्हायच्या. जी वळणदार रेघ एका दमात लिहायची ती मी दोन धरायची. अशा वेळी खिडकीकडून आवाज यायचा, ठक. लाओशी खुर्चीच्या हातावर बोटाचे पेर आपटत. बरोबर काय ते सांगत नसत; बहुधा आठवत नसावे. चुकले आहे एवढे मात्र त्यांना लांबूनही कळे. मी पुन्हा मोजायची. साठी उलटल्यावर कोणाच्या तरी वर्गात बसायला मिळणे हे किती सुखाचे असते, हे मी तेथे शिकले. अपराधी वाटत असताना ते सुख घेणे बरे की वाईट, हे मात्र मला अजून ठरवता आलेले नाही.

हळूहळू मी त्या कप्प्यांत हिंडू लागले. ही अक्षरे अनुवादकांनी केवळ आवाजासाठी निवडली होती, त्यांच्या खुणांचा आपल्या शब्दांच्या अर्थाशी बहुतेक ठिकाणी काही संबंध नाही. हे मला पक्के ठाऊक होते आणि विद्यार्थ्यांना मी ते बजावून सांगितले असते. तरीही बाहेर पांढरे धुके आणि आत पाण्याच्या किटलीची वाफ असताना ते विसरायला होत असे. संघ माणसाच्या कप्प्यात होता. क्षण सुरीच्या कप्प्यात. स्तूप मातीच्या, ब्रह्म झाडाच्या, निर्वाण पाण्याच्या. बोधी आणि मल्लिका गवताच्या कप्प्यात शेजारी. यक्ष संध्याकाळच्या कप्प्यात उभा होता आणि यम दाराच्या. ध्यान देवाच्या वेदीपाशी होते. बुद्धाला मोहात पाडू पाहणारा मार भुतांत सापडला. त्याच्यासाठी तर तिकडे नवे अक्षरच घडवावे लागले होते. आणि प्रज्ञा होती नावेच्या कप्प्यात. अनुवादकांचा दंडक होता की, काही शब्दांचे भाषांतर करायचे नाही, ते आहेत तसे आवाजासकट ठेवायचे, आणि प्रज्ञा त्यांपैकी एक. मी ते कार्ड हातात धरून किती वेळ बसले होते कोण जाणे. आमच्या कृष्णेच्या घाटाशी एक नाव असे, लहानपणी पैलतीरी जाताना मी तिच्या काठावरून पाण्यात बोटे सोडत असे. पाणी थंड लागे आणि बोटांभोवती दोन बारीक रेघा उमटत. खिडकीबाहेर धुक्यात तेव्हा कोणी वल्हे मारले असते तर मला आश्चर्य वाटले नसते.

ठक. मी दचकले. कार्ड माझ्या हातातच होते. लाओशी हसत होते.

शेवटच्या आठवड्यात एक कार्ड हाती आले: स्वो-फो-ह. खालच्या ओळीत माझ्याच अक्षरात 'स्वाहा' लिहिलेले. माझे वडील होमात आहुती देताना हा शब्द म्हणत तेव्हा शेवटचा आकार लांब ओढत, आणि तूप पडून ज्वाला वर येई. कार्डावरच्या पहिल्या अक्षरात मी खूण शोधली. स्त्रीची निघाली. मला मोठा आनंद झाला, कारण आपल्या पुराणांत स्वाहा ही अग्नीची पत्नीच आहे. लाओशींना सांगावे म्हणून वळले तर ते खुर्चीत डोळे मिटून होते. मी कार्ड नियमाप्रमाणे स्त्रीच्या कप्प्यात ठेवले. ठक झाले नाही.

नोव्हेंबरमधल्या एका सकाळी चारही डबे पूर्ण झाले. सुनेने त्या दिवशीची मीटिंग कॅन्सल केली आणि ती खाली येऊन जिन्याच्या पायरीवर बसली. मी डबे ओळीने मांडले, झाकणे काढली आणि मागे सरकले. लाओशी खुर्चीतून उठले, टेबलाशी येऊन बसले. बराच वेळ त्यांनी हात मांडीवरच ठेवले होते.

मग उजवा हात पहिल्या डब्यात गेला. दहा या आकड्याची खूण असलेल्या कप्प्यात. "ना-मो," त्यांनी वाचले. तो शब्द इतक्या लांबच्या प्रवासातही फारसा बदललेला नाही. मी म्हटले, "नमो." त्यांनी डोळे मिटून ऐकले.

दुसरे कार्ड माणसाच्या कप्प्यातून. तिसरे गवताच्या. हात आधी चाचपडत होता, मग चाचपडेनासा झाला. ते म्हणायचे, मी म्हणायची. तिसऱ्या डब्यात हात न पाहता मध्यावर गेला, नावेच्या कप्प्यात, आणि रिकामा परतला नाही. सुनेने तोंडावर हात धरला. मध्ये दोनदा ते अडले. एकदा चुकीचे कार्ड निघाले, ते त्यांनी स्वतःच ठक करून परत ठेवले. पाठ पुढे सरकत राहिला.

शेवटी त्यांचा हात चौथ्या डब्याच्या अगदी मागे गेला. भुतांच्या कप्प्याच्याही पलीकडे. बोटे पत्र्याला लागली. तेथे काही नव्हते.

मला त्याच क्षणी ती कोरी पट्टी आठवली. नियमाबाहेरची, काहीही न लिहिलेली, आणि तिच्यामागचे एकुलते एक कार्ड. पत्नीचा पाठ ज्या शब्दावर संपायचा तो त्यांनी कोणत्याही खुणेखाली ठेवला नव्हता. शेवटी ठेवला होता. मी सारे काही नियमाने लावले होते आणि तेवढेच नियमाने चुकले होते. कार्ड कोठे आहे हे मला माहीत होते. हात लांब केला असता तर पहिल्या डब्यातून ते काढून देता आले असते.

वर्गात माझी एक रीत होती. प्रश्न विचारल्यावर मनात दहा मोजायचे. तोवर उत्तर सुचवायचे नाही. ती रीत मी एकतीस वर्षांत क्वचितच मोडली. मी मोजू लागले. लाओशींची बोटे पत्र्यावर तशीच होती. दहा झाले. मी पुन्हा एकपासून सुरुवात केली. किटली बंद झाल्याचा आवाज आला. दुसऱ्यांदा दहा होत आले तेव्हा त्यांनी डोके किंचित तिरके केले, शेजारच्या खोलीतून काही ऐकू येत असावे तसे.

"स्वो-फो-ह," ते म्हणाले. कार्डावाचून.

मग मी म्हटले, "स्वाहा." शेवटचा आकार माझ्याकडूनही लांबला.

"वन्स मोर," लाओशी म्हणाले. पण मी म्हणण्याआधी त्यांनीच तो पुन्हा म्हटला, त्यांच्या उच्चाराने, आणि त्यावर समाधानाने मान हलवली. माझ्या उच्चाराची त्यांना त्या वेळी गरज उरली नसावी.

मी पुठ्ठ्याची एक पट्टी कापली. लेखणी हाती घेतली आणि खाली ठेवली. स्त्रीच्या कप्प्यातून ते कार्ड काढून चौथ्या डब्याच्या शेवटी, कोऱ्या पट्टीमागे ठेवले. जेथे ते कोणत्याही कोशाच्या नियमाने बसत नाही तेथे.

आता हिवाळा आहे. आठ वाजता बाकडे ओले असते, म्हणून मीच त्यांच्याकडे जाते. काही सकाळी पाठ शेवटापर्यंत पोचतो. काही सकाळी तो पाण्याच्या कप्प्यातच थांबतो आणि मग आम्ही गरम पाणी पीत खिडकीबाहेर पाहत बसतो. परवा ते मला म्हणाले, "टीचर, ही कार्डं कुणी लावली?" मी म्हटले, "तुम्ही." त्यांनी डब्यातून एकदा बोट फिरवले, शेवटच्या कोऱ्या पट्टीपर्यंत, आणि म्हणाले, "व्यवस्थित लावली आहेत."